मखमल उतरणं

७ जुलै, सोमवार

कंपनीने माझ्यासाठी एक समुपदेशक बाई नेमल्या आहेत. त्या म्हणाल्या, "रोज मनात येईल ते लिहून काढा, कॅप्टन. कुणी वाचणार नाही." माझ्या मनात सध्या एवढंच येतं की या बाईंना एकदा ढगांतून शेवटच्या रांगेत बसवून आणावं. पण घरी बसून दुसरा उद्योग नाही, म्हणून लिहितो.

झालं ते असं. गेल्या मंगळवारी दुपारी भरलेलं विमान घेऊन उतरत होतो. पाऊस धो धो कोसळत होता, वारा थोडा पाठीमागून होता. माझ्या पुढच्या विमानाने उतरायचा नाद सोडून दुसऱ्या शहराची वाट धरली. असतात एकेक भित्रे. मी उतरलो. आणि काय उतरलो! चाकं जमिनीला लागलेली कुणाला कळलीसुद्धा नाहीत. एवढंच की धावपट्टी संपली तरी विमान थांबेना. पलीकडच्या गवतातून, दिव्यांच्या रांगेतून आणि कुंपणातून ते थेट कोबीच्या शेतात गेलं आणि पुढचं चाक मोडून बसलं. माणसं सगळी सुखरूप. एका गृहस्थांचं मनगट मोडलं, तेही आणीबाणीच्या घसरगुंडीवरून उतरताना त्यांनी बॅग सोडली नाही म्हणून.

चिखलात उभ्या असलेल्या एका आजींनी टीव्हीवाल्यांना सांगितलं, "उतरलो कधी ते कळलंच नाही हो!" बाकी कुणी काही म्हणो, मला ही पावती पुरेशी आहे. सगळी कंपनी मला मागून 'मखमल' म्हणते ते उगाच नाही. इतकी वर्षं विमान टेकवतोय, पण कुणाच्या कपातला चहा हिंदकळला नाही.

चौकशी संपेपर्यंत मला घरी बसवलंय. म्हणे, नियम आहे.

१० जुलै, गुरुवार

आज चौकशी समितीपुढे जबानी दिली. समितीचा प्रमुख कोण, तर पूर्वी माझ्याच उजव्या बाजूला सहवैमानिक म्हणून बसायचा तो! तेव्हा माझ्यासाठी कॉफी आणायचा, आता माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवतो. त्याने विचारलं, "सर, तुमच्या सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं का?"

गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं आणि फेरी मारून यायचं. दोघांपैकी कुणीही ते म्हणू शकतो. सहवैमानिकाने दोनदा म्हणूनही कॅप्टनचं उत्तर आलं नाही, तर कॅप्टनला काहीतरी झालंय असं समजून त्याने विमान आपल्या हातात घ्यायचं. नियम अगदी स्पष्ट आहे.

मी म्हणालो, "नाही. ती काही बोलली नाही."

जे खरं ते सांगितलं. त्या दिवशी सहवैमानिक म्हणून शेजारी होती ती पोरगी हुशार आहे, पण आवाज एवढासा. मी तिला चिमणीच म्हणतो. अशा वेळी खणखणीत बोलायला हवं, ते तिला जमलं नाही. लहान आहे, शिकेल. मी तसं लिहूनही दिलं की तिच्याबद्दल माझ्या मनात काही राग नाही. प्रमुखाने ते वाचलं आणि कपाळ खाजवलं. बहुधा माझ्या मोठेपणाने अवघडला असावा.

१३ जुलै, रविवार

घरात बसणं म्हणजे शिक्षा आहे. आज बायको चक्क गाडीची किल्ली घेऊन निघाली. मी म्हटलं, "ड्रायव्हर आलाय का?"

"ड्रायव्हर कशाला? मला लायसन्स मिळालंय."

"कधी?"

"मार्चमध्ये. क्लास लावला तेव्हा सांगितलं, परीक्षा होती तेव्हा सांगितलं, पास झाले तेव्हा पेढे ठेवले होते तुमच्यापुढे. खाल्लेत तुम्ही दोन."

पेढे आठवतात. पण ही असं काही बोलल्याचं अजिबात आठवत नाही. ही बोलते तेही सदा भांडी विसळताना, पाठ करून, पुटपुटल्यासारखं. आजकाल सगळेच पुटपुटतात.

१६ जुलै, बुधवार

प्रमुखाने पुन्हा बोलावलं होतं. त्याच्याकडे आता विमानाच्या यंत्रांनी टिपलेले आकडे आलेत. मला टेबलावर धावपट्टीचं चित्र काढून दाखवलं. जणू मी पहिल्यांदाच बघतोय.

"सर, पाणी साचलेल्या धावपट्टीवर चाकं जरा आपटावी लागतात. पाणी फोडून खालच्या डांबराला धरतात ती. तुम्ही मऊ टेकवायची जागा शोधत तरंगत राहिलात. निम्मी धावपट्टी मागे पडली तेव्हा टेकलात. मग चाकं पाण्यावरच राहिली, ब्रेक लागणार कसे?"

"म्हणजे मऊ उतरणं हा आता गुन्हा?"

"त्या दिवशी होता, सर."

काय बोलणार? आपटायला कुणीही आपटेल. त्यात कसली आली कला! मी त्याला आठवण करून दिली की त्याच्या पहिल्या उतरण्यात माझी दाढ हलली होती. तो हसला नाही.

चिमणीलाही घरी बसवलंय असं कळलं. तिची नोकरी अजून पक्की झालेली नाही. 'धोका दिसत असताना गप्प राहिली' असा शेरा बसला तर कुठलीच कंपनी तिला दारात उभं करणार नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण गप्प राहिली, त्याला मी काय करू?

२१ जुलै, सोमवार

आज त्यांनी कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण ऐकवलं.

खोली लहान होती. चार खुर्च्या, बंद खिडकी, मध्ये एक स्पीकर. चिमणी माझ्या समोर बसली होती, मांडीवर हात ठेवून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आधी पावसाचा आवाज आला, काचेवरच्या वायपरचा आला. मग तिचा.

"सर, गो-अराउंड."

मग माझा. "हं."

"सर, निम्मी धावपट्टी गेली. गो-अराउंड."

"हं."

"सर! गो-अराउंड!"

"बघ आता. कळणारसुद्धा नाही कुणाला."

पुढे नुसते आवाज होते.

तिचा आवाज एवढासा नव्हता. स्पष्ट होता. हे मला लिहायलाच हवं, कुणी वाचणार नाही म्हणून का होईना. मी प्रमुखाला शपथेवर सांगितलं की मी यातलं एक अक्षर ऐकलेलं नाही. तो म्हणाला, "पण सर, तुम्ही उत्तर दिलंय."

बाहेर व्हरांड्यात चिमणी भेटली. मला वाटलं तोंड फिरवेल, पण थांबली. "सर, तुम्ही गप्प असता तर मी विमान हातात घेतलं असतं. तुम्ही हं म्हणालात. मला वाटलं तुमचं काहीतरी ठरलंय. तुम्ही आमचे..." वाक्य अर्धवट टाकून लिफ्टकडे गेली.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. म्हटलं, "हं म्हणजे काय उत्तर असतं का?"

ही पीठ चाळत होती. चाळणी थांबली. "मला विचारताय?" एवढंच म्हणाली.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी चहा देताना ही समोर बसली. असं सहसा बसत नाही.

"खरं सांगा. तिचं बोलणं तुम्हाला खरोखरच ऐकू आलं नाही?"

"आईची शपथ."

"काहीच नाही?"

"काही नाही. नुसता पाऊस."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "अहो, मग कान दाखवा तुम्ही. कान गेले असतील."

मी चिडणार होतो. माझे कान! दर वर्षी वैद्यकीय तपासणीत पास होतात. पण चिडता चिडता थांबलो. त्या तपासणीचा डॉक्टर माझा जुना मित्र. कानाला घड्याळ लावून विचारतो, "येतंय ना रे?" आणि मी "येतंय" म्हणेपर्यंत त्याची सही झालेली असते. आणि आवाज कमी येत असेल तर माणूस सवयीने हं म्हणतोच की! इंजिनांजवळ आयुष्य गेलंय. कान जाणार नाहीत तर काय होईल?

दुपारी कंपनीच्या साहेबांना फोन करून ही शक्यता त्यांच्या कानावर घातली. ते ऐकताच त्यांचा स्वरच बदलला. "कॅप्टन, हे आधी का नाही बोललात? आजारपणात कुणाचा दोष नसतो! तुम्ही सन्मानाने निवृत्त व्हाल. ती मुलगी बोलली होती, तिचंही निभावेल. कंपनीचंही नाव राहील. तुम्ही फक्त कानाच्या डॉक्टरांचा कागद आणा."

फोन ठेवला आणि इतक्या दिवसांनी पोटभर जेवलो.

२५ जुलै, शुक्रवार

कान गेलेत याचे पुरावे आता जागोजागी सापडतायत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्या मला कळल्या नाहीत. दाराची बेल वाजली ती हिला ऐकू आली, मला नाही; मी पेपर वाचत होतो. टीव्हीचा आवाज वाढवून बघितला, तर आणखी बरं वाटलं.

संध्याकाळी मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. आतल्या खोलीत बहिणीपाशी हलक्या आवाजात म्हणाला, "काही म्हण ताई, भाऊजींनी एवढी माणसं वाचवली. मोठा माणूस आहे." तसा समजूतदार आहे तो. नंतर बाहेर येऊन माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, "भाऊजी, कानांत तेल घाला!" मी त्याला हाताने खूण केली की पुन्हा सांग.

आणि हिचं एक नवलच. ही आता माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे बघत, मोठ्याने बोलते. मीही तिच्या ओठांकडे लक्ष ठेवून ऐकतो, कारण ऐकू येत नाही ना. त्यामुळे आज पहिल्यांदा कळलं की समोरच्या इमारतीत ती लहान मुलांना चित्रकला शिकवायला जाते. गेलं वर्षभर. सगळ्यात खोडकर पोराचं चित्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. दाखवलं मला. हिरवा हत्ती होता. मी म्हटलं, हत्ती हिरवा कसा? तर म्हणाली, त्यालाही मी हेच विचारलं होतं. आम्ही दोघंही हसलो.

२९ जुलै, मंगळवार

हे दिवस चांगले चाललेत. असं लिहायला लाज वाटायला हवी, पण चांगले चाललेत. ही जुन्या गोष्टी पुन्हा सांगते. "हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं" असं म्हणून सुरू करते. पूर्वी त्यात टोचणी असायची, आता नसते. आता ती असं सांगते, जणू पाहुण्याला घर दाखवतेय.

रात्री जेवताना म्हणाली, "तुम्हाला माहितीये, मला काय वाटायचं? मला वाटायचं, मी बोलते त्यात ऐकण्यासारखं काही नसतंच. म्हणून मग मीच हळूहळू आवाज कमी केला."

"मग आता?"

"आता कळलं की दोष कानांचा होता." आणि तिने मला न विचारता वाढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकांना कशाने बरं वाटेल, सांगता येत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज कानांच्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. हीच गाडी चालवत घेऊन गेली. पाऊस होता. मी पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसलो. सिग्नलला ब्रेक इतका कडक लावला की माझं कपाळ काचेवर आपटायचं राहिलं. मी म्हटलं, "अगं, जरा मऊ!" ती म्हणाली, "रस्ता ओला आहे." गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे नेमकी थांबली होती. मला दारात सोडून ती मुलांच्या वर्गाला गेली.

तपासणीची खोली लहान होती, भिंतींना स्पंज लावलेला. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. मी मनाशी ठरवून गेलो होतो की प्रामाणिकपणे दाबायचं, कारण मला खात्री होती. बारीक किणकिण, मग त्याहून बारीक, मग नुसती असल्यासारखी वाटणारी. दाबत गेलो. शेवटी शेवटी तर आवाज येण्याआधीच येणार हे कळायला लागलं.

बाईंनी आलेख माझ्यापुढे धरला. चेहरा उजळलेला. "अभिनंदन, कॅप्टन! तुमच्या वयात असे कान मी बघितलेले नाहीत. तरुण माणसाचे आहेत."

"पुन्हा बघता का?"

"पुन्हा बघितलं. शेजारच्या खोलीत कुजबुजलं तरी ऐकू येईल तुम्हाला."

मी म्हटलं, "मग मला ऐकू का येत नाही?" त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. खूप हसल्या.

खाली येऊन साहेबांना फोन केला. ते जराही गडबडले नाहीत. "हा कागद खिशातच ठेवा. आपल्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, सोमवारी त्यांच्याकडे जाऊ. ते समजून घेतात." मी टॅक्सीत बसून विचार केला. यात नुकसान कुणाचं आहे? चिमणी सुटते, कंपनी सुटते, मी सन्मानाने घरी येतो. आणि घरी ही आहे. एवढ्या माणसांचं भलं एका कागदाने होत असेल तर अडायचं कशाला?

ही माझ्या आधीच पोचली होती. दार उघडल्या उघडल्या माझ्यासमोर येऊन मोठ्याने विचारलं, "काय निघालं?"

मी मान हलवली. म्हणालो, "गेलेत."

तिने माझा हात धरला. म्हणाली, "असू दे. मी आहे ना." इतक्या मायेने म्हणाली की मला क्षणभर वाटलं, खरंच गेले असते तर किती बरं झालं असतं.

मी हॉलमध्ये येऊन बसलो. पेपर उघडला, पण वाचत नव्हतो. या आठवड्यात एक वाईट सवय लागलीय, हिचा कानोसा घ्यायची. ही स्वयंपाकघरात होती, माझ्याकडे पाठ, नळ जोरात सुरू. दुधाची पिशवी हातात घेऊन स्वतःशीच पुटपुटली, अगदी ओठांतल्या ओठांत, "कात्री कुठे ठेवली कुणास ठाऊक."

मी म्हणालो, "फ्रीजवर आहे."

नळ बंद झाला.

ती वळली. मी पेपर तोंडासमोर धरला, पण उशीर झाला होता. तिने माझ्याकडे बघितलं, फ्रीजवर बघितलं. कात्री तिथेच होती. तिने ती घेतली, पिशवी कापली, दूध पातेल्यात ओतलं, गॅस लावला. एवढं सगळं झाल्यावर म्हणाली, "म्हणजे ऐकू येत होतं." आवाज चढवला नाही.

"अगं, आजच जरा..."

"सगळं ऐकू येत होतं तुम्हाला. एवढी वर्षं."

दूध उतू गेलं तरी तिने गॅस बंद केला नाही. मी उठून केला.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी साहेबांना कळवलं की सोमवारी त्यांच्या डॉक्टरांकडे येत नाही. ते म्हणाले, "कॅप्टन, शांतपणे विचार करा. तुमचं सगळं नाव जाईल." मी म्हटलं, विचार केलाय. खरं तर काही केला नव्हता. ज्या एका माणसासाठी खोटं टिकवायचं, तिला कळून चुकलं होतं. मग उरलेल्यांसाठी एवढी मेहनत कोण करणार? याला प्रामाणिकपणा म्हणतात की कंटाळा, ते समुपदेशक बाईंना विचारायला हवं.

मग प्रमुखाला फोन केला. म्हणालो, कान उत्तम आहेत, कागद आणून देतो. ती पोरगी तीनदा बोलली, स्पष्ट बोलली, मला ऐकू आलं असणार आणि मी हं म्हणालो. हे माझ्या जबानीत घाल. तो म्हणाला, "सर, मलाही तुम्ही हंच म्हणायचात." मी म्हटलं, तेही घाल.

समितीचं ऑफिस दुपारी बंद होतं, म्हणून लगेच निघायला हवं होतं. बाहेर पावसाने झोड उठवलेली. बेडरूमचं दार लोटलेलं होतं, आत ही कपाट आवरत होती. मी बाहेरून विचारलं, "मला ऑफिसपर्यंत सोडतेस का?"

आतून ती म्हणाली, "टॅक्सी करा."

अगदी हळू म्हणाली, हँगरांच्या आवाजात. एकदाच म्हणाली. मी छत्री घेतली आणि खाली उतरलो.